साडेएकोणीस दात

रजिस्टर लॅबचंच. पुढून डॉक्टरांची नावं,
दाताचा नंबर, शेड, देण्याची तारीख.
उलटं धरून मागून उघडलं की पतसंस्था:
तीन लाख, तेरा टक्के, साठ महिने.
भट्टीसाठी. हप्ता दर पाच तारखेला.

एका कॅपचे मला साडेतीनशे मिळतात.
हप्ता सहा हजार आठशे सव्वीस.
म्हणजे महिन्याला साडेएकोणीस दात
मिरजेतनं निघून थेट सांगलीच्या काउंटरवर.
अर्धा दात कुणाचा,
ते मी अजून ठरवलेलं नाही.

पहिल्या महिन्यात त्यातले सव्वानऊ
नुसते व्याजाचे निघाले.
तीनदा मांडलं. राजमती म्हणाली,
बरोबर आहे, उगं आकड्यांशी भांडू नका.
दुसऱ्या महिन्यात व्याज उतरलं
एकोणचाळीस रुपयांनी.
एवढंसंच. पण उतरलं.
त्या एकोणचाळीस रुपयांचा आम्ही चहा प्यालो,
शेजारच्या दुकानात कुणीतरी सतारीची तार पिळत होतं,
सुरात यायला अजून वेळ होता.

जामीनदार दस्तगीरचाचा मुल्ला,
रेल्वेतून रिटायर, तोंडाचं पार बोळकं.
सही करताना विचारलं, "कुठं?" बास.
पायऱ्या उतरताना मी म्हणालो,
चाचा, पहिली कवळी तुमची. फुकट.
"भट्टी अजून संस्थेची हाय, भूपाल.
कर्जातल्या माणसाचं फुकट खाल्लं
तर त्याचं व्याज माझ्या नावावर चढतंय."

मग भाकरी चहात भिजवून.
महिन्यातून एकदा सायकल दाराला टेकवायचे,
हप्त्याचं कधी विचारलं नाही.
"भट्टी तापती काय?"
तापती, चाचा.
त्यांची पावती तेवढीच.

पुराच्या साली संस्थेचं शटर अकरा दिवस पाण्यात.
तरी पासबुकात दंडव्याज: एकशे छत्तीस पन्नास.
मी अर्ज लिहिला, आपण स्वतः पाण्याखाली असताना
मी हप्ता नेमका कुठे भरायचा होता?
साहेबांनी वाचला. हसले नाहीत.
चौथ्या महिन्यात पैसे परत जमा.
ती ओळ मी हिरव्या पेनने लिहिली,
रजिस्टरभर तेवढीच एक हिरवी.

चौतिसाव्या महिन्यात डॉक्टर कोऱ्यांचं बिल अडकलं.
पेशंटांच्या बाकावर जाऊन बसलो.
नवीन पोरगी होती, विचारते, कुठला दात?
म्हणालो, सगळे.

पोर्सेलिन भट्टीत आक्रसतं.
म्हणून दात आधी मोठा घडवायचा,
बेढब, कुणाच्याच जबड्यात न मावणारा,
आणि नऊशेवीस डिग्रीवर विश्वास ठेवायचा.
मुद्दलाचं मला हे फार उशिरा कळलं.
रोज पाहिलं तर काही हलत नाही.

शेवटी शेवटी व्याज इतकं बारीक झालं
की त्याची कीव यायला लागली:
त्र्याहत्तर रुपये.
खिडकीतल्या बाईंनी बेबाकीचा दाखला सरकवला,
शिक्का थोडा तिरका,
आणि म्हणाल्या, नवीन कर्ज हवंय का?

चाचांना कोऱ्यांच्याच खुर्चीत बसवलं.
शर्टाच्या खिशात चण्यांची पुडी, आधीच आणलेली.
शेड विचारली. पांढरेशुभ्र करू?
"माझ्या वयाचे कर."
तोंडात मापाचा ट्रे गेला, गुलाबी, गार,
आता तीन मिनिटं बोलायचं नाही.
मी रजिस्टर पुढून उघडलं.
पेशंट: मुल्ला. वरची, खालची.
रकमेच्या रकान्यात शून्य घालायला गेलो
तर त्यांनी माझं मनगट धरलं.
घट्ट. सांधे बदलणारा हात तो.

रकाना तसाच राहिला.
देण्याची तारीख तेवढी लिहिली, न बघता,
हाताला सवय होती:
पाच.